बंदुकीची शाळा

भाद्रपद सरता सरता कुंभिवलीस गेलो, तेव्हा भाताला दाणा भरत होता. खालापूर तालुक्यातले हे गाव. याच मुलखात, उंबरखिंडीत, 1661 साली महाराजांनी कारतलबखानाची वाट अडविली. तेव्हा इथल्या पोराला बंदुकीचे वेड लागले, तर नवल ते काय?

माझ्या जुन्या विद्यार्थ्याचा हा धाकटा भाऊ दहावी झाला होता. शेजाऱ्यांची रानडुकरांसाठीची परवान्याची ठासणीची बंदूक त्याने जवळून पाहिलेली. तिची कमान, चाप, घोडा यांवाचून त्याला दुसरे काही सुचत नव्हते. त्याने मला विचारले, "सर, बंदुका घडवायला कुठल्या शाळेत शिकवतात?"

अशा शाळा जगात आहेत. ऑस्ट्रियातल्या फेर्लाख गावची 1878 पासून चालते. अमेरिकेत कोलोरॅडोमधल्या ट्रिनिडाडला 1947 पासून हे शिक्षण मिळते. मुलाने हे सारे टिपून ठेवले होते. वडील मात्र सडकेलगतच्या खाचराकडे बघत होते. तेवढे विकले तरच परदेश घडणार. म्हणाले, "मास्तर, जमीन गेली का परत येनार नाय."

आपल्याकडे हा धंदा मुंगेरला जुना. अठराव्या शतकात मीर कासिमने तिथे शस्त्रशाळा उभारली. सरकारी रायफली ईशापूर, कानपूर, तिरुचिरापल्लीस घडतात. पण 1959 च्या शस्त्र कायद्याने बंदूक बनवायलाच नव्हे, नुसती दुरुस्त करायलाही परवाना लागतो. परदेशची पदवी घेऊन आलेल्या पोराला परवाना न मिळाला, तर खाचरही गेले आणि हुन्नरही!

म्हणून मी त्याला सांगितले, "बंदुकीची शाळा शोधू नकोस, कानशीची शोध." आय.टी.आय.मध्ये फिटर किंवा मशिनिस्टचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम असतो. शेगड्यात लोखंड धरून ते गुण्याला लागेपर्यंत घासायचे, हीच बंदूकवाल्याचीही बाराखडी. पुढे 1961 च्या कायद्यान्वये शिकाऊ उमेदवारी करता येते. खोपोलीहून कर्जतमार्गे आगगाडीने अंबरनाथ गाठता येते. तिथे आयुध कारखाना आहे. तिथे निवड झाली तर उत्तम, न झाली तरी हात रिकामा राहत नाही. फिटरला खोपोलीच्या गिरणी-कारखान्यांतही विचारतात.

पोराचे तोंड जरा उतरले. मग त्याने विचारले, "तिथे पहिल्या दिवशी काय घासायला देतात?"

वडिलांनी खाचरावरची नजर काढून घेतली आणि चहा मागविला.