आधी पेरा, मग पंचनामा

आमच्या दारव्हा तालुक्यातल्या गावात समुद्र पाहिलेली माणसं बोटावर मोजण्याइतकी. मी खारफुटीचा अभ्यास करते म्हणजे नेमकं काय करते, हे घरी सांगताना माझी पुरेवाट व्हायची.

3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर धडकलं. वारा ताशी 110 ते 120 किलोमीटर. श्रीवर्धन, दिवेआगरच्या सुपारीच्या बागा आडव्या झाल्या. टाळेबंदीमुळे मी गावीच होते. वादळानं खाडीकाठच्या तिवरांचं आणि चिखलातल्या जिवांचं काय झालं, हे तपासायचा आराखडा ओसरीत बसून लिहीत होते. पडलेली झाडं, मोडलेल्या फांद्या, नवी रोपं, सगळं मोजायचं होतं.

बाबा वावरातून आले. "काय लिहू रायली व पोरी?"

मी सांगितलं. ते म्हणाले, "वावधनाच्या आधी तिथं काय होतं, हे कोनी लिहून ठेवलं हाय का? 2014 च्या गारपिटीत तुह्या काकाचा गहू झोपला. पन सातबाऱ्यावर पेराच चढला नोता. मंग गहू होता, हे कायवरून? एक रुपया नाही भेटला."

आधीच्या नोंदीचं कलम माझ्या आराखड्यात शेवटी होतं. ते पहिल्या पानावर आणलं. वादळाआधीची उपग्रहचित्रं मिळवायची. वादळाचा मार लागलेली एक खाडी आणि न लागलेली एक, दोन्ही मोजायच्या. नाहीतर झाड वादळानं गेलं की कोणी आधीच तोडलं, हे कळणार कसं? झाडांना क्रमांकाचे पट्टे बांधायचे आणि दरवर्षी त्याच जागी परत जायचं. कारण तिवराची मुळं चिखलातून वर येऊन श्वास घेतात. त्यांच्यावर गाळ बसला की उभं दिसणारं झाड महिन्यांनी मरतं. वावरात पाणी साचलं की पऱ्हाटी मागाहून सुकते, तसंच हे.

मे 2021 मध्ये तौक्ते किनाऱ्याजवळून गुजरातकडे गेलं. तोवर आमचे पट्टे बांधून झाले होते. या वेळी झाडागणिक हिशेब लागणार होता.

त्याच वर्षी राज्यात ई-पीक पाहणी आली. तेव्हापासून पेरणी झाली की बाबा मोबाईल घेऊन वावरात जातात. रेंज नसली तर धुऱ्यावर उभे राहतात. माय जेवायला हाक मारते, तर म्हणतात, "थांब वं, जेवन कुठं पऊन चाललं? पेरा चढू दे आधी."