चांदाची तारीख पाहून समुद्रावर

आमच्या घरात समुद्राचं नाव काढायची सोय नव्हती. १ फेब्रुवारी २०१६ रोजी पुण्याहून सहलीला गेलेली कॉलेजची मुलं-मुली मुरूड-जंजिऱ्याच्या किनाऱ्यावर बुडाली, ती बातमी सासूबाईंनी दिवसभर टीव्हीसमोर बसून पाहिली होती. कित्येक नावं आपल्याच मुलांची होती. त्या दिवसापासून त्यांचा हुकूम होता : सहल कुठंही काढा, पाण्याकडे नाही.

पण नववीतल्या मुलाला गळाचा नाद लागलेला. मामूंबरोबर उजनीच्या काठावर बसून तो चिलापी धरून आणायचा आणि समुद्रावर कधी नेणार म्हणून दर सुट्टीत विचारायचा. आम्ही सोलापूरची माणसं. आम्हाला समुद्र म्हणजे सातवीच्या भूगोलातला भरती-ओहोटीचा पाठ. तो मी फळ्यावर चंद्र-सूर्य काढून वर्षानुवर्षं शिकवते. उधाणाची भरती कधी, भांगाची कधी, हे मुलं घडाघडा म्हणतात. मी स्वतः मात्र भरती चढताना कधी पाहिली नव्हती.

आमच्या यांच्या ऑफिसातले एक स्नेही दापोली तालुक्यातल्या हर्णैचे. त्यांच्या घरी राहण्या-जेवणाची घरगुती सोय आहे. दिवाळीच्या सुट्टीत येतो म्हणून फोन केला तर त्यांच्या वडिलांनीच फोन घेतला. सारा मोहल्ला त्यांना खालू म्हणतो. उमर होडीवर गेलेली. खोलीचं भाडं, जेवण, काहीच बोलले नाहीत. विचारलं, "बेटी, चांद कितवा असेल तेव्हा?"

मला प्रश्न कळला नाही. मग त्यांनी समजावलं, आणि माझा फळ्यावरचा पाठ पहिल्यांदा माझ्याच डोक्यात शिरला. अमावस्या-पौर्णिमेला आणि नंतरचे एक-दोन दिवस उधाण असतं. आपल्या तारखांनी बोलायचं तर चांदरात, पहिला-दुसरा चांद, आणि तसंच चौदा-पंधराच्या सुमाराला. पाणी खूप चढतं, खूप उतरतं, आणि चढता-उतरताना ओढ जबर असते. सातवा-आठवा चांद आणि बावीस-तेविसाच्या आसपास भांग. तेव्हा पाणी कमी हलतं. भरतीची वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढं सरकते. हर्णैच्या बाजूला उधाणाच्या दिवसांत भरती दुपारच्या सुमाराला भरते आणि तिथून संध्याकाळपर्यंत ओहोटी. म्हणजे पौर्णिमेला सुट्टी जोडून आलेली मंडळी सूर्यास्त बघत पाण्यात शिरतात, ती नेमकी जोराच्या ओहोटीत.

आता दिवाळीचा हिशोब बघा. लक्ष्मीपूजन अमावस्येलाच असतं, म्हणजे आपल्याकडे चांद अठ्ठावीस-एकोणतीस. दिवाळीचे पहिले चार-पाच दिवस, जेव्हा सगळा महाराष्ट्र कोकणात उतरतो, तेच उधाणाचे दिवस. आठवा चांद येतो त्यानंतर नऊ-दहा दिवसांनी. शाळांची सुट्टी बहुधा तोवर शिल्लक असते, गर्दी ओसरलेली असते आणि भाडीही खाली आलेली असतात. हे गणित दरवर्षी बसतं. आम्ही आठ ते अकरा चांद असे दिवस धरले. नेमक्या वेळा मात्र छापील कोष्टकातून किंवा मोबाईलवरून घ्याव्यात. चांद अंदाजापुरता.

सासूबाईंना मी हे सगळं कागदावर मांडून दाखवलं. त्या बराच वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "मी येते. पण मी किनाऱ्यावर बसणार आणि मी उठ म्हटलं की सगळ्यांनी उठायचं." ही अट आम्ही चार दिवस पाळली. आता वाटतं, कुटुंबाबरोबर जाणाऱ्या प्रत्येकानं असं एक माणूस काठावर बसवावं. पाण्यात पाय न घालणारं, मोबाईल न बघणारं.

कराडवरून कुंभार्ली घाट, चिपळूण, दापोली असा दिवसभराचा प्रवास. त्याबद्दल लिहिण्यासारखं एवढंच, की घाटात सगळ्यांना ओकाऱ्या झाल्या.

पहिला दिवस खाडीचा. हर्णैच्या उत्तरेला आंजर्ल्याची जोग नदीची खाडी जवळ आहे, पण खालूंनी आम्हाला दाभोळला नेलं. तिथं वाशिष्ठी समुद्राला मिळते. पलीकडे धोपावे, गाड्यांसकट नेणारी फेरीबोट सतत ये-जा करते. काठावरच आदिलशाही घडणीची जुनी मशीद, मोठा घुमट आणि चार मिनार. कुणी विजापूरची शहजादी हजला जायला म्हणून इथवर आली, जाणं झालं नाही, तेव्हा जवळचा पैसा तिनं या मशिदीला लावला, असं लोक सांगतात. दाभोळ हे बहामनी काळापासूनचं मोठं बंदर. आज तिथं शांत बसून गरवता येतं. कोकणात गळ टाकून मासे धरण्याला गरवणं म्हणतात.

खाडीसाठी भांगाचे दिवस का, ते तिथं कळलं. उधाणात पाणी इतकं धावतं, की शिसं तळाला टिकत नाही आणि पाणीही गढूळ होतं. आठव्या चांदाला दुपारी बाराच्या सुमाराला ओहोटी संपली, पाणी क्षणभर थबकलं आणि हळूहळू आत यायला लागलं. खालू म्हणाले, आता. सामान साधंच : प्लास्टिकच्या बाटलीला गुंडाळलेला दोर, शिसं, दोन गऱ्या आणि कोळंबीचे तुकडे. जिवंत काही गरीला टोचायचं नाही, हा त्यांचा नियम. पहिल्या तासात मुलाला तीन शिंगाळ्या लागल्या. हा मासा सोडवताना नवख्यानं हात घालू नये. पाठीवर एक आणि बाजूला दोन असे काटे असतात, ते विषारी. काटा लागलाच तर सोसेल इतक्या गरम पाण्यात तो भाग अर्धा-पाऊण तास बुडवून ठेवतात, विषाची कळ उतरते, मग डॉक्टर. आम्ही थर्मास भरूनच नेला होता. लागला नाही, अल्हम्दुलिल्लाह.

जेवणाची गोष्ट आधी बोलून घ्यावी. आम्ही हनफी, कोकणातली बहुतेक घरं शाफई. त्यांच्याकडे तिसऱ्या, माकूळ सर्रास शिजतं. आमच्याकडे मासा सोडून समुद्रातलं दुसरं काही चालत नाही, आणि कोळंबीवरून तर आमच्याच उलेमांत मतभेद आहेत. मी फोनवरच सांगितलं होतं. भाभींनी न बोलता वेगळं पातेलं ठेवलं. सासूबाईंनी मात्र तिसऱ्यांचा सुगंध येताच दोनदा विचारलं, "हे खरंच आपल्यात चालत नाही?"

पुढच्या दिवशी संध्याकाळी हर्णै बंदरात लिलाव पाहिला. होड्या पुळणीला लागतात, बैलगाड्यांतून मासळी येते, वाळूवरच ढीग आणि बोली. समोर पाण्यात सुवर्णदुर्ग. रत्नागिरीच्या किनाऱ्यावर दालदी मुसलमान पिढ्यान्‌पिढ्या मासेमारी करतात, हे मी वाचलं होतं. सोलापुरात आपली मुलं समुद्राला परकी, आणि इथं आपलेच लोक त्याच्यावर घर चालवतात, हे मुलांनी डोळ्यांनी पाहिलं. १ जूनपासून पावसाळी बंदी असते, तेव्हा मोठ्या होड्या ओढून ठेवतात. त्या महिन्यांत सहल काढूच नये, समुद्र खवळलेला असतो.

लाटांतली मासेमारी शेवटच्या दोन दिवसांसाठी ठेवली होती. दहा-अकरा चांदाला पाणी दुपारी दोनच्या सुमाराला उतरून परत चढायला लागतं आणि रात्री भरतं. म्हणजे असर ते मगरिब सगळा वेळ चढतं पाणी. लाटा वाळू ढवळतात, त्यातले किडे-कोळंबी खायला मुडदुशा अगदी काठापर्यंत येतात. त्यासाठी लांब फेकायची गरजच नाही. मुलगा दहा फुटी काठीनं जोर लावून पार पुढं फेकत होता आणि रिकामा दोर ओढत होता. खालूंनी त्याच्या पायापासून वीस पावलांवर, लाट फुटून फेस होतो त्याच्या मागच्या खोलगटात गरी टाकली. पाच मिनिटांत मुडदुशी.

त्याआधी त्यांनी आम्हाला अर्धा तास नुसतं वाळूच्या उंचवट्यावर उभं केलं होतं. लाटा सगळीकडे फुटतात, पण एखाद्या पट्ट्यात फुटत नाहीत, पाणी सपाट आणि गढूळ दिसतं. नवख्याला तीच जागा शांत वाटते. तिथूनच पाणी आत ओढून नेतं. सापडलंच तर काठाकडे झगडायचं नाही, काठाला समांतर, आडवं पोहत बाहेर यायचं. आमचा नियम साधा होता : गुडघ्याच्या वर पाणी नाही, खाडीच्या तोंडाशी उतरायचं नाही, पाय उचलून न टाकता घासत चालायचं, म्हणजे वाळूत दडलेलं पाकट निसटून जातं. सासूबाईंनी तो सपाट पट्टा नीट पाहून घेतला. मुरूडचं नाव त्यांनी काढलं नाही, पण पूर्ण वेळ त्यांची नजर तिथंच होती.

एका गोष्टीवर मुलाशी वाद झाला. त्याला मासे धरून फोटो काढून सोडून द्यायचे होते, मोबाईलवर पाहतो तसे. अल्लाहनं समुद्रातली शिकार हलाल केली आहे, सूरह माइदामध्ये तसं स्पष्ट आहे. पण ती अन्नासाठी. गंमत म्हणून जिवाच्या तोंडात गरी घालायची, हे मला पटत नाही. शेवटी ठरलं : बोटाएवढं पिल्लू लागलं तर लगेच सोडायचं, आठ मासे झाले की दोर गुंडाळायचा. आठव्यानंतर त्यानं खरंच गुंडाळला. थोडा रुसून, पण गुंडाळला.

मगरिबला वाळूवरच जमात केली. कोकणातून किब्ला पश्चिमेपासून साधारण बारा अंश उत्तरेकडे, म्हणजे जवळजवळ समुद्राकडेच. सलाम फेरला तेव्हा पाणी आमच्या चपलांपर्यंत आलं होतं.

"उठा," सासूबाई म्हणाल्या. उठलो. धाकटी त्यांचा हात धरून निघाली तर त्या थांबल्या, साडी जराशी वर धरली आणि येणाऱ्या लाटेत घोटाभर उभ्या राहिल्या. एकच लाट. मग खालूंना विचारलं, "उद्या किती वाजता चढेल?"

"आजच्यापेक्षा पन्नास मिनिटं उशिरा, आपा."

"मग उद्या असर इथंच पढू."