वाक्याची पंगत

वडील माणसांना कळूं नये म्हणून मुलें जी चकाराची भाषा बोलतात, ती आमच्या जालन्याकडे पुष्कळांनीं ऐकली असेल. 'मला गरम वरण' याऐवजीं 'चलाम चरमग चरणव'. शब्दांची इतकी ओढाताण करणारीं मुलें वाक्याला मात्र हात लावीत नाहींत. कर्ता पुढें, कर्म मध्यें, क्रियापद शेवटीं, ही आईच्या मांडीवर शिकलेली पंगत तशीच राहते.

मोठ्या माणसानें बुद्धिपुरस्सर घडविलेल्या भाषेंत या पंगतीचें काय होतें, हें पाहण्याच्या कुतूहलानें आम्ही एस्पेरांतोकडे वळलों. डॉ. झामेनहोफ यांनीं ती १८८७ सालीं वॉर्सा येथें प्रसिद्ध केली. त्यांच्या बियालिस्तोक गांवीं रशियन, पोलिश, जर्मन व यिडिश बोलणारे शेजारी एकमेकांकडे संशयानें पाहत. त्यांच्यासाठीं कोणाचीच नसलेली भाषा असावी, ही त्यांची तळमळ.

आरंभींच आम्हीं 'मी आक्वोन त्रिन्कास' असें वाक्य जुळविलें. 'मी पाणी पितों' याचेंच हें शब्दाला शब्द रूप, 'मी'सुद्धां तोच! पुस्तकांत बहुधा 'मी त्रिन्कास आक्वोन' असें असतें, पण आमची पंगतही तितकीच शुद्ध. 'आक्वो'ला लागलेलें 'न' हें अक्षर कर्माची खूण आहे. ती असली म्हणजे कर्म कोठेंही बसलें तरी चालतें.

मराठींत ही व्यवस्था निराळी आहे. 'मांजर उंदीर खातें' हें उलटून 'उंदीर मांजर खातें' म्हटलें, तरी 'खातें' या नपुंसकलिंगी रूपावरून खाणारें कोण तें कळतें. पण 'साप उंदीर खातो' उलटून पाहा! दोघेही पुल्लिंगी, आतां अर्थ जागेवर तरी अवलंबून, नाहीं तर 'उंदराला' म्हणावें. एस्पेरांतोच्या क्रियापदाला लिंग, वचन, पुरुष कांहींच ठाऊक नाहीं. मी, तूं, ते, सर्वांना एकच 'त्रिन्कास'. सारा भार त्या एका 'न'वर. १९०७ सालीं निघालेल्या इदो या सुधारलेल्या भाषेंत, कर्म कर्त्याच्या आधीं आलें तरच ही खूण आवश्यक ठेविली. आम्हांस ही काटकसर पसंत नाहीं. शिकणाऱ्याचें एक अक्षर वांचलें, परंतु आपल्या घरच्या रीतीनें बसण्याची मोकळीक कमी झाली.

अर्थात् एस्पेरांतोंतही ही मोकळीक सर्वत्र नाहीं. 'घरांत' म्हणतांना आमचा 'त' मागून येतो. तेथें 'एन ला दोमो' असा तो पुढें येऊन उभा राहतो. आमचें 'नाहीं' क्रियापदाच्या मागें, त्यांचें 'ने' पुढें. प्रश्नाचें 'चु' वाक्याच्या आरंभीं. हें शेवटचें आम्हां जालनेकरांस परकें वाटूं नये, कारण उर्दूंतील 'क्या' तसेंच पुढें येतें.

उर्दूचा विषय निघालाच आहे. सप्टेंबर १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यांत होता आणि कचेरीची भाषा उर्दू होती. ती शिकलेले वडील सांगत कीं बोलावयास ती जड गेली नाहीं. त्यांचें म्हणणें खरें असावें. शब्द परके असले तरी क्रियापद शेवटीं, ही पंगत ओळखीची. 'मैंने रोटी खाई' म्हणतांना तेवढा 'ने' जादा, कारण आम्ही 'मी पोळी खाल्ली' म्हणतों. पण लिपीचा उंबरठा ज्यांना ओलांडतां आला नाहीं त्यांचें काय? आमच्या पणजोबांनीं एका कागदावर अंगठा केला. वाचून दाखविणाऱ्यानें काय वाचलें आणि काय गाळलें, हें त्यांस अखेरपर्यंत समजलें नाहीं. चार एकर शेत गेलें. पणजी मात्र त्या शेताला शेवटपर्यंत 'आपलें' म्हणे.

एखादी भाषा सोपी म्हटली कीं आम्ही म्हणूनच विचारतों, कोणाला सोपी? एस्पेरांतोचे बहुतेक शब्द युरोपचे आहेत, आणि बोलणारे बहुधा क्रियापद मध्येंच ठेवतात. आमचें वाक्य त्यांना समजतें. तें थोडें निराळें मात्र वाटत असेल. झामेनहोफ १९१७ सालीं वारले. त्यांचीं तिन्ही मुलें पुढें नात्झींच्या हातून मारलीं गेलीं. शेजाऱ्यांचा संशय भाषेनें जातो हें म्हणणें त्यानंतर तितक्या सहजतेनें करवत नाहीं. तरी भाषा शिकणें आम्हीं सोडलें नाहीं.

सध्यां आम्ही 'कियाम' आणि 'तियाम' या जोडीपाशीं आहोंत. 'कियाम वी वेनोस, तियाम नी मान्जोस', म्हणजे 'जेव्हां तुम्ही याल, तेव्हां आपण जेवूं'. जोडी अगदीं आमच्या घरची. फक्त त्यांचा 'कियाम' केव्हां व जेव्हां अशीं दोन्ही कामें एकटाच करतो, आणि तेथें आमची अजून गफलत होते.