शिव्या सिस्टरला
कापूरहोळ, ता. भोर
2 मार्च 2025

चि. मंजिरीस,


पत्र पोचलं. तिकडे लंडनला माजी न्यायाधीश हॅलेटबाई कोविडच्या हाताळणीची चौकशी करतायत, माजी पंतप्रधानालासुद्धा समोर बसवून विचारलं, जानेवारीत लसीवर वेगळी सुनावणी झाली, हे सगळं वाचलं. ‘आपल्याकडे असं काही झालं का?’ असं तू विचारलंयस. देशपातळीवर नाही झालं. एवढं फोनवरही सांगता आलं असतं, पण मग मनातलं राहून गेलं असतं.

2021 च्या त्या उन्हाळ्यात तू इथे नव्हतीस. मार्चमध्ये आपल्या लोकांना लस नकोच होती. सुईने ताप येतो, माणूस जातो, अशा गप्पा पारावर चालायच्या. कोविशिल्डच्या एका कुपीत दहा डोस, आणि फोडली की चार तासांत संपवायची. म्हणून आपल्या दवाखान्यातली सिस्टर दारात उभी राहून येणाऱ्याजाणाऱ्याला हाका मारायची, दहा माणसं जमली की कुपी फोडायची. एप्रिलमध्ये ओळखीपाळखीची माणसं जायला लागली आणि तेच लोक पहाटेपासून रांगेत. तळहाताएवढ्या चिठ्ठीवर बॉलपेनने नंबर. तोवर कुप्याच येईनाशा झाल्या. आणि ही लस बनवणाऱ्या सिरमचा कारखाना कुठे, तर हडपसर-मांजरीला, इथून दीड तासाच्या वाटेवर!

1 मेपासून अठरा ते चव्वेचाळीसवाल्यांना परवानगी मिळाली, पण नोंदणी फक्त ऑनलाइन. संध्याकाळी स्लॉट उघडायचे आणि डोळ्याचं पातं लवेपर्यंत भरायचे. भरायचे कोण? पुण्यातली, वेगवान इंटरनेटवाली मुलं. नारायणपूर-बालाजीला जाताना ज्या फाट्यावर लोक चहाला थांबायचे, तिथून आता गाड्या लसीसाठी आत वळायला लागल्या. त्या मुलांना मी दोष देत नाही, त्यांनाही जीव होताच. पण तिकडे वेल्ह्यात केळदच्या माणसाला फोनला रेंज मिळवायला टेकाड चढावं लागतं, हे दिल्लीत ॲप करणाऱ्याला कुणी सांगितलं नसेल का? सुप्रीम कोर्टाने मात्र नेमकं हेच विचारलं.

आता मुद्द्याचं. 2021 च्या 7 एप्रिलला आपले तेव्हाचे आरोग्यमंत्री राजेश टोपे म्हणाले, राज्यात तीन दिवस पुरेल एवढीच लस उरलीय. त्याच दिवशी केंद्राचे आरोग्यमंत्री हर्षवर्धन यांनी उलट पत्रक काढलं, की महाराष्ट्र स्वतःचं अपयश झाकतोय. मग तेव्हाचे केंद्रीय मंत्री प्रकाश जावडेकर म्हणाले, राज्याने पाच लाख डोस वाया घालवले. राज्य म्हणालं, आमची नासाडी देशाच्या सरासरीहून कमी. मग केंद्राने नवं धोरण आणलं. निम्मी लस केंद्राची, उरलेल्या निम्म्यात राज्यं आणि खासगी दवाखाने. तीच लस केंद्राला 150 रुपये डोस, राज्याला 400, खासगीला 600. बोंब झाल्यावर राज्यांसाठी 300 केली. राज्याने जागतिक निविदा काढली, हाती काही लागलं नाही. 12 मेला तरुणांचं लसीकरण थांबवून उरलेले डोस पंचेचाळीसच्या वरच्यांकडे वळवले. म्हणजे आमच्या राज्यानेही खिशात दमडी नसताना जेवणावळीचं आमंत्रण दिलं होतं, हेही लिहून ठेव. एकट्या दिल्लीला झोडपणारे भेटतात, एकट्या मुंबईला झोडपणारेही. मला दोघांचाही कंटाळा आलाय.

सुप्रीम कोर्टात न्या. चंद्रचूड यांच्या खंडपीठाने 31 मेच्या आदेशात हे धोरण प्रथमदर्शनी मनमानी आणि अतार्किक ठरवलं आणि अर्थसंकल्पात लसीसाठी ठेवलेल्या 35,000 कोटींचा हिशेब मागितला. आठवड्याभरात, 7 जूनला, पंतप्रधानांनी धोरण बदललं. 21 जूनपासून सरकारी दवाखान्यांत लस केंद्राची आणि फुकट. पुढे लस आली, भरपूर आली, हे नाकारणार नाही. पण लाट मेमध्येच येऊन गेली होती ना!

या सगळ्या चेंडूफळीत लोकांच्या तावडीत सापडली ती सिस्टर. ‘शिल्लक नाही’ हा बोर्ड तिने लावायचा आणि शिव्या तिने खायच्या. एकदा माझ्यासमोर एकाने तिच्या टेबलावरचं रजिस्टर भिरकावलं. तिने ते उचललं, धूळ झटकली, आणि पुढचा नंबर पुकारला. तिला आदल्या रात्री उशिरापर्यंत माहीत नसायचं की सकाळी किती डोस येणार. आशा सेविकांनी तर जूनमध्ये राज्यभर संप केला, तेव्हा कुठे महिन्याला दीड हजाराची वाढ पदरात पडली.

आणि जुलैमध्ये राज्यसभेत उत्तर आलं, की ऑक्सिजनअभावी मृत्यू झाल्याचं राज्यांनी कळवलेलं नाही. उत्तर देणाऱ्या राज्यमंत्री डॉ. भारती पवार, आपल्या नाशिक जिल्ह्यातल्या. तिथेच तीन महिन्यांपूर्वी महापालिकेच्या रुग्णालयात टाकीच्या गळतीने ऑक्सिजन तुटून वीसच्या वर माणसं गेली होती. नियमाच्या भाषेत उत्तर बरोबर असेलही. राज्यांनी कळवलं नाही, केंद्राने खोदून विचारलं नाही, कागद नीटनेटका.

अशी चौकशी इथे पूर्वी झालीय. 1897 च्या प्लेगात रँडच्या शिपायांनी पुण्यात काय केलं, ते तुला शाळेत शिकवलंय. टिळकांना त्याच साली राजद्रोहाखाली दीड वर्षाची शिक्षा झाली. पण त्याच सरकारने 1898 मध्ये प्रा. फ्रेझर यांच्या अध्यक्षतेखाली प्लेग आयोग नेमला, डॉक्टर-अधिकाऱ्यांच्या साक्षी घेतल्या, हाफकिनच्या लशीचा गुण किती तेही तपासलं आणि सगळं छापून काढलं. परक्या सरकारला जे जमलं ते आपल्याला का जड गेलं, याचं मला राहून राहून आश्चर्य वाटतं. कर्नाटकाने खरेदीपुरता का होईना, न्या. डि’कुन्हा यांचा आयोग नेमला. महाराष्ट्रात एकमेकांवर आरोप करून दोन्ही बाजू मोकळ्या.

मला कुणाला फाशी द्यायची नाहीय. कुठल्या तारखेला पुण्याहून किती कुप्या निघाल्या, भोरला किती आल्या, वेल्ह्याला किती, आणि तो आकडा कुणाच्या सहीने ठरला, एवढं मला हवंय. माहिती अधिकारात अर्ज टाकलाय. ‘अभिलेख शोधण्याची कार्यवाही सुरू आहे’, असं उत्तर आलंय. मी अपील करणार आहे.

तिकडचा लसीवरचा अहवाल निघाला, की छापील प्रत पाठव. स्क्रीनवर माझे डोळे दुखतात. साक्षीदारांना काय काय प्रश्न विचारले तेवढी पानं आधी पाठवलीस तरी चालेल, अपिलात त्यातले एकदोन घालीन म्हणतो. मामी बरी आहे, तुला मेतकूट पाठवायचं म्हणतेय.

तुझा,
मामा