कुंडीमागची सापसुरळी

श्रावणात अंगणातली कुंडी हलवली आणि मागून तपकिरी, तुळतुळीत असं काहीतरी सळसळत गेलं. मी "साप!" म्हणून ओरडलो. शेजारच्या काकू काठी घेऊन आल्या, वाकून म्हणाल्या, "अरे, पाय आहेत की! सापसुरळी आहे." पाय बघायचं मला सुचलंच नव्हतं.

"विषारी असते हां," काकूंनी बजावलं. वाचून पाहिलं, तर तिला विष नसतं. ती किडे, नाकतोडे खाते. धीर आला. दुसऱ्या दिवशी फोटोसाठी तिला धरायला गेलो. ती निसटली आणि बोटांत वळवळती शेपटी उरली. शेपटी पुन्हा येते, पण तिच्यात मणके नसतात, कूर्चेचा दांडा असतो. शेपटीत चरबीही साठवलेली असते. तिची ती पुंजी मी हिरावली, याचं वाईट वाटलं.

मग हात न लावता बघायचं ठरवलं. डिसेंबरात भल्या पहाटे हिमायतबागेत गेलो. दीड तास एकही दिसेना. झाडलोट करणारे मामा म्हणाले, "ऊन तर पडू द्या." थंड रक्ताचे प्राणी शाळेत पाठ केले होते, त्यांना आधी ऊन लागतं, हे तिथं कळलं.

उन्हात दगडावर आलेल्या एकीचा फोटो मिळाला. तिची जात ओळखायला पुस्तक उघडलं, तर खवल्यांच्या वर्णनातल्या 'कील्ड' शब्दाशी अडलो. कील म्हणजे होडीच्या तळाचा लांब कणा. वहीत लिहिलं, 'कणेदार खवले'. दोनदा चुकून तिसऱ्यांदा नीट मोजले: पाठीच्या खवल्यावर तीन कणे. म्हणजे युट्रोपिस कॅरिनाटा. तिच्या जवळच्या युट्रोपिस मॅक्युलारिया या जातीच्या खवल्यावर ते सहसा पाच किंवा जास्त असतात. 'कॅरिनाटा'चा अर्थही कणेदार. तिला शास्त्रीय नाव देणाऱ्या श्नायडर यांनी १८०१ मध्येच तो शब्द योजला होता.

कोणत्या जातीला नष्ट होण्याचा किती धोका आहे, हे नोंदवणाऱ्या आययूसीएन या संस्थेच्या लाल यादीत ती 'लीस्ट कन्सर्न' आहे. मी त्याचा अर्थ 'काळजी नको' असा लावला आणि वही मिटली. तो अर्थ चुकीचा होता. सगळ्या प्रदेशातून ही जात नष्ट होण्याचा धोका सध्या कमी आहे, एवढंच ती नोंद सांगते. माझ्या अंगणाचा हिशेब तिच्यात नाही. सापसुरळी पाचोळ्यात किडे शोधते, त्यातच लपते. तोच पाचोळा दर हिवाळ्यात मी पेटवत होतो.

यंदा पेटवला नाही. तुम्हीही एका कोपऱ्यातला पाचोळा राहू द्या, आणि काठी उचलण्याआधी पाय आहेत का तेवढं बघा.