सीटखालची जागा

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपूरचे एक गृहस्थ आमच्या सौंसरच्या घरी आले. जुन्या गाड्यांचा त्यांना नाद. आमच्या पत्र्याच्या शेडमध्ये महिंद्राची एफसी-150 पिकअप उभी आहे, हे त्यांना कुणाकडून तरी कळले होते. आदल्या दिवशीचा झेंडूचा हार अजून तिच्या चपट्या तोंडावर सुकत होता. मला वाटले, आता हे इंजिन पाहतील, टायर ठोकतील, कागदपत्रे मागतील. त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो भलताच.

"जॅक आहे का? गाडीबरोबर आलेला?"

मी डाव्या सीटची गादी उचलली. खाली सागवानी फळी, आणि तिच्यावर पांढऱ्या ऑइलपेंटने काढलेल्या अवजारांच्या आकृत्या. पान्याच्या आकृतीत पाना, टॉमीच्या आकृतीत टॉमी, जॅकच्या दांड्याच्या आकृतीत दांडा. मधली सगळ्यांत मोठी आकृती तेवढी रिकामी.

"अरेरे, दांडा आहे आणि जॅक नाही!" गृहस्थ हळहळले. मग त्यांनीच समजावून सांगितले. इंजिनाचे भाग शोधले तर मिळतात, पत्रा ठोकून घेता येतो. पण गाडीबरोबर आलेली अवजारे सगळ्यांत आधी हरवतात, कारण ती मागून नेण्याजोगी असतात. म्हणून जुन्या गाडीत ती जागच्या जागी दिसली, की मालक कसा होता ते कळते. "जॅक सापडला तर कळवा," असे म्हणून ते फोन नंबर देऊन गेले.

जॅक सापडायचा नव्हता, कारण तो हरवलेलाच नव्हता. तो कुठे आहे हे मला तीस-बत्तीस वर्षांपासून ठाऊक होते. तो पांढुर्ण्याला होता, माझ्या थोरल्या भावाकडे.

ही गाडी बाबूजींनी 1968 साली घेतली. हो, आम्ही वडिलांना बाबूजीच म्हणायचो. 1956 पर्यंत नागपूर ही आमच्या राज्याची राजधानी होती. त्या साली राज्ये नव्याने आखली गेली, नागपूर तिकडे गेले आणि आमचा छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशात राहिला. तेव्हापासून शाळेत हिंदी, घरात मराठी, आणि वडील बाबूजी, हा संसार आमच्याकडे सुखाने चालू आहे.

एफसी-150 ही मूळची अमेरिकेतल्या विलीस कंपनीची. तिथे ती बंद पडण्याच्या सुमारास, 1965 साली, महिंद्राने ती इकडे काढली. जीपच्याच घराण्यातली, पण हिला नाक नाही. इंजिन दोन सीटांच्या मध्ये, एका झाकणाखाली. थंडीत त्या झाकणाला पाय लावून बसायला आम्हा भावांची भांडणे होत. बाबूजी तिच्यातून मळ्यातली संत्री नेत. आंबिया बहाराची दिवाळीच्या आगेमागे, मृगाची फेब्रुवारी-मार्चला. कधी पांढुर्ण्याच्या स्टेशनावर, कधी नागपूरला, कधी सिल्लेवानीचा घाट चढून छिंदवाड्याला.

गाडीबरोबर आलेल्या अवजारांना बाबूजी 'हिचे दागिने' म्हणत. पेचाचा जॅक, त्याचा टोकाला आकडा असलेला लांब दांडा, चाकाचा पाना, टॉमी, पक्कड, पेचकस, ग्रीसगन आणि इंजिन फिरवायचे हॅण्डल. जादा चाकाला तर आमच्याकडे मराठी-हिंदी असा भेदच नाही, दोन्हीत ते स्टेपनी. हा शब्द वेल्समधल्या लानेली गावच्या स्टेपनी स्ट्रीटवरून आला. तिथे 1904 साली एका कारखान्याने जादा चाक काढले. त्या कारखान्याचे नाव तिकडे कुणाला आठवत असेल नसेल, आमच्या सौंसरच्या पंक्चरवाल्याच्या तोंडी मात्र ते रोज असते.

खंडेनवमीला सगळे दागिने अंगणात गोणपाटावर मांडले जात. आधी रॉकेलने धुवायचे, मग कोरडे पुसायचे. जॅकचा पेच पूर्ण वर चढवून त्याच्या आट्यांतली माती काडीने काढायची, ग्रीस लावायचे आणि पेच पुन्हा पार खाली बसवायचा. "पेच वर ठेवून जॅक ठेवला, की आटे उघडे पडतात, गंज तिथूनच शिरतो," हे बाबूजींचे पहिले सूत्र. दुसरे, लोखंडाला लोखंड लागू द्यायचे नाही, मधे कापड हवे. गोणपाट चालत नाही, तो ओल धरून ठेवतो. जुन्या धोतराचा तुकडा, तेलाचा हात फिरवलेला, हवा. तिसरे, मागच्या हौद्यात अवजार टाकायचे नाही. तिथे पाऊस, संत्र्याचा रस, खताची सांडलेली पोती. युरियाने लोखंड कसे खाल्ले जाते ते शेतकऱ्याला सांगायला नको. चौथे, जॅक पट्ट्याने आवळून बांधायचा. जोराचा ब्रेक लागला तर सुटा जॅक पाय मोडतो. मग सगळ्यांना हळदकुंकू, आणि पुन्हा सीटखाली.

फळी मात्र तेव्हा कोरी होती. त्या पांढऱ्या आकृत्या आल्या त्या 1973 च्या डिसेंबरात.

मी तेव्हा पंधरा वर्षांचा. मळ्यात भरलेल्या बंडीचे चाक रुतले होते. मी बाबूजींना न विचारता गाडीतला जॅक काढला, फळकूट खाली घालून बंडी उचलली आणि मोठा पराक्रम केल्याच्या आनंदात जॅक तिथेच बांधावर विसरलो. त्याच रात्री बाबूजी आणि दादा संत्री भरून छिंदवाड्याला निघाले. मध्यरात्री सिल्लेवानीच्या घाटात मागचे डावे चाक बसले. बाबूजींनी सवयीने अंधारातच सीटखाली हात घातला. हाताला दांडा लागला, पाना लागला, जॅकच्या जागी नुसते धोतराचे फडके.

एका ट्रकवाल्या सरदारजींनी गाडी थांबवली, आपला जॅक दिला. पण तो मोठ्या ट्रकचा. बसलेल्या चाकामुळे आमचा एक्सल इतका खाली आलेला, की तो जॅक खाली जाईना. शेवटी एक्सलखाली दगड रचून, टॉमीने चाकाखालची जमीन उकरून चाक मोकळे केले. "पांढुर्ण्याच्या मानसाले दगड कवापासून जड झाले?" म्हणून बाबूजी त्या थंडीत दादाला हसवत होते म्हणे. गोटमारीच्या गावचा विनोद तो. पण छिंदवाड्याला पोचले तेव्हा लिलाव उठला होता. संत्री मिळेल त्या भावाने टाकून ते परत आले.

घरी आल्यावर बाबूजींनी एवढेच विचारले, "जॅक कोनं काढला?"

मी तोंड उघडायच्या आत दादा म्हणाला, "म्या."

मी गप्प बसलो. त्या दिवशीही, आणि नंतरही.

बाबूजी दादाला काही बोलले नाहीत. दुपारी त्यांनी फळी बाहेर काढली, ऑइलपेंटचा डबा आणला आणि मला हाक मारली. ते एकेक अवजार फळीवर ठेवत, मी ब्रशने त्याच्या कडेने रेघ मारायची. "आता जागा रिकामी असली, तं निंघायच्या आधी दिसन," ते म्हणाले. डाव्या चाकांच्या नटांचे आटे या गाडीत उलटे आहेत. सरळ सवयीने जोर लावला तर बोल्ट तुटतो. म्हणून पान्याच्या आकृतीशेजारी त्यांनी स्वतः लिहिले, 'डावे चाक, उल्टी चूडी.' आट्याला हिंदीत चूडी म्हणतात. घाईच्या वेळी जो शब्द आधी सुचेल तो आपला, असा त्यांचा हिशेब.

बाबूजी 1991 साली गेले. दोन वर्षांनी वाटणी झाली. वाटणीत जे होते ते सगळे झाले. त्याचे पुराण मी इथे सांगत नाही, घरोघरी त्याचे पाठ वेगळे असले तरी अध्याय तेच. दादा पांढुर्ण्याला राहायला गेला. मळ्याचा माझा तुकडा आणि गाडी माझ्याकडे आली. जॅक त्या वेळी त्याच्या शेतात पंपाचा पाया उचलायला गेलेला होता, तो तिकडेच राहिला. मी मागितला नाही, त्याने दिला नाही. लग्नकार्यात आम्ही भेटायचो, एकमेकांच्या पानात जिलबी वाढायचो, पण जॅकचे नाव काढायचो नाही. 2023 साली सरकारने छिंदवाड्यातून पांढुर्णा जिल्हा वेगळा काढला, तेव्हा पांढुर्णा आणि सौंसर हे दोन तालुके एकत्र ठेवले. सरकारला जमले ते आम्हाला जमले नव्हते.

मी हट्टाने दुसरा जॅक आणला, तेलावर चालणारा, बाटलीसारखा. तो सीटखाली उभा मावेना, म्हणून आडवा टाकला. असा जॅक नेहमी उभा ठेवायचा असतो, दांडी पूर्ण खाली दाबून. आडवा राहिला, की तेल झिरपते, आत हवा शिरते. पहिल्याच पावसाळ्यात त्याचे तेल फळीवर सांडले आणि बाबूजींच्या देखत मी मारलेली पांढरी रेघ एका बाजूने पुसट झाली. त्यानंतर मी तिथे काही ठेवले नाही. पुढे छोटा हत्ती आला, संत्री त्यातून जाऊ लागली, आणि आमची गाडी शेडमध्ये विसावली.

गृहस्थ येऊन गेले त्याच्या चौथ्या दिवशी मी पांढुर्ण्याची बस धरली. सोबत पिशवीत गुंडाळलेला जॅकचा दांडा घेतला होता. का घेतला ते सांगता येणार नाही. रिकाम्या हाताने मागायला जाणे बरे वाटेना, एवढेच.

दादा ओसरीत बसला होता. वहिनींनी चहा केला. पाऊसपाणी, संत्र्याची गळ, नातवंडे, सगळे बोलून झाले. शेवटी मी म्हणालो, "दादा, जॅक पाह्यजे होता."

तो थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "दांडा आनला काय संग?"

मी पिशवीतून दांडा काढला. तो काही न बोलता उठला आणि मागच्या खोलीतून एक गाठोडे घेऊन आला. तेलाचा हात फिरवलेले कापड उलगडले. आत जॅक. पेच पार खाली बसवलेला, आट्यांत ताजे ग्रीस, बुडाला लाकडाचा ठोकळा, आणि डोक्यावर कुंकवाचे थरावर थर. परवाच्या खंडेनवमीचे कुंकू तर अजून ओले वाटत होते.

"दरसाल काढतो," तो म्हणाला. "दांड्याबिगर कामाचा नाही तो. सळई घालून फिरवून पाह्यला एकडाव, आकडाच बसत नाही."

माझ्या हातातल्या दांड्यालाही कुंकू होते. बत्तीस वर्षे दर खंडेनवमीला एकाच सकाळी आम्ही दोघे, मी सौंसरला दांडा आणि तो पांढुर्ण्याला जॅक, बाबूजींनी शिकवल्याप्रमाणे धुऊन पुसून पुजत होतो; आणि दोघांपैकी कोणाकडूनही एक चाक उचलले गेले नसते.

"दादा," मी म्हणालो, "त्या रातचा जॅक म्या काढला होता."

"मालूम हाय."

"अन् बाबूजीले?"

"त्यायलेबी मालूम होतं. बांधावरून तेच घेऊन आले थो." दादा दांड्याचा आकडा जॅकच्या कडीत अडकवून बघत होता. "नाही तं रेघा माराले तुलेच कायले बोलावलं असतं?"

दादा माझ्याबरोबर सौंसरला आला. सीटची गादी त्यानेच उचलली. पुसट झालेली रेघ पाहून त्याने माझ्याकडे पाहिले, पण विचारले नाही. जॅक आकृतीत ठेवला, पट्टा आवळला. मग डोळे मिटून सीटखाली हात घातला आणि चाचपून म्हणाला, "हां. लागला."

नागपूरच्या गृहस्थांना मी फोन केला. जॅक मिळाला म्हणून सांगितले. ते खूश झाले, गाडीचे काय ठरवले म्हणून विचारू लागले. मी म्हटले, "दादाला विचारून सांगतो."

अजून विचारलेले नाही. आधी ती पुसट रेघ पुन्हा मारायची आहे. दादा भाऊबीजेला येतो म्हणाला आहे. अवजार तो धरील, ब्रश माझ्याकडे राहील.