बोर्डी, कोसबाद व तलासरी

प्रवासवर्णनें लिहिणारे बहुधा देव पाहावयास किंवा देखावे पाहावयास घराबाहेर पडतात. प्रस्तुत लेखक गेल्या मार्गशीर्षांत डहाणू तालुक्यांत गेला तो या दोहोंपैकीं कशासाठींही नव्हे. तो आपल्या मुलीला घरीं परत आणण्यासाठीं गेला होता. तिला न घेतांच तो परत आला. तें कां, हें सांगण्यासाठींच हा लेखनप्रपंच आहे.

वाईस आमचें एकत्र कुटुंब आहे. थोरल्या वहिनी, आम्ही भाऊ, सुना, नातवंडें मिळून चौदा पानें पंक्तीला बसतात. माझी मुलगी सात वर्षें सासरीं नांदली. दुसऱ्याच वर्षीं तिनें मला जें कळविलें, त्याच्या उत्तरादाखल मीं तिला धीराचीं सुभाषितें लिहून पाठविलीं. आणि दोनदां ती माहेरीं आली असतां मी स्वतः तिला परत पोंचवून आलों. सुभाषितें मला पुष्कळ पाठ आहेत. त्यांतलें एकही तिच्या उपयोगीं पडलें नाहीं. अखेर उभयतांच्या संमतीनें तिचा घटस्फोट झाला व ती घरीं आली. घरांत कोणीही तिला वांकडा शब्द बोललें नाहीं, हें मी चारचौघांत अभिमानानें सांगत असें. श्रावणांतली मंगळागौर झाली आणि ती आपल्या मैत्रिणीकडे बोर्डीस चार दिवस म्हणून गेली. चार दिवसांचे चार महिने झाले, तेव्हां मी निघालों.

मुंबईच्या लोकल गाड्या २०१३ सालापासून डहाणू रोड स्टेशनापर्यंत जाऊं लागल्या आहेत. पुढें १ ऑगस्ट २०१४ रोजीं ठाणें जिल्ह्यांतून पालघर जिल्हा वेगळा निघाला, त्यांत डहाणू व तलासरी हे दोन्ही तालुके आले. स्टेशनावरून बोर्डीकडे जाणारा रस्ता नरपड, चिखले, घोलवड या गांवांवरून समुद्र डावीकडे ठेवून जातो. सुरूचीं बनें, ताडाचीं झाडें आणि चिकूच्या दाट वाड्या यांमधून रिक्षा जात असतां उन्हाची तिरीप देखील जपून अंगावर येते. घोलवडच्या चिकूला २०१६ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें आहे. केंद्र सरकारनें १९९१ सालीं हा तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर केला. त्यामुळें एक औष्णिक वीजकेंद्र सोडलें तर मोठे कारखाने येथें फारसे आले नाहींत, आणि बागा राहिल्या.

पूर्वेस बारडाचा डोंगर दिसतो. संजाणवर परचक्र आलें तेव्हां पारशी लोकांनीं आपला पवित्र अग्नि या डोंगरांतील बहरोटच्या गुहांत आणून बारा वर्षें राखला, असें त्यांची परंपरा सांगते. घर मोडलें तरी अग्नि विझूं द्यावयाचा नाहीं, हा धडा त्या डोंगरानें मला दुरूनच दिला होता. परंतु त्या वेळीं माझें लक्ष गाडीच्या परतीच्या वेळापत्रकांत होतें.

मुलीची मैत्रीण वारली समाजांतली, तलासरी तालुक्यांतल्या एका पाड्यावरची. अध्यापक विद्यालयाच्या वसतिगृहांत दोघी एका खोलींत राहिल्या होत्या. ती आतां प्राथमिक शाळेंत शिक्षिका आहे व म्हाताऱ्या आईला घेऊन दोन खोल्यांच्या घरांत राहते. घटस्फोटाचा निकाल लागला त्याच आठवड्यांत तिचा निरोप आला होता: "ये. कारण सांगावें लागणार नाहीं." रात्रीं तांदुळाची भाकरी व वालाची भाजी वाढतांना तिच्या आईनें मला हळूच विचारलें, "तुम्हांला आमच्याकडचें चालेल ना?" पन्नास वर्षें समतेचे धडे वाचलेल्या व शिकविलेल्या मला त्या एका प्रश्नानें मान खालीं घालावयास लावली. मीं दुसरी भाकरी मागून घेतली.

सकाळीं ओहोटी होती. बोर्डीचा समुद्र ओहोटीस इतका दूर जातो कीं नवख्याला तो आटला कीं काय असें वाटावें. त्या ओल्या वाळूवरून चालतां चालतां मीं मुलीपाशीं विषय काढला. "घरीं चल. तेथें तुला काय कमी आहे?" ती म्हणाली, "नाना, आज कोसबादला जाऊं, मग बोलूं."

बोर्डी व कोसबाद या गांवांचीं नांवें महाराष्ट्रानें ऐकलीं तीं ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांच्यामुळें. त्यांचें कार्य सर्वांना ठाऊक आहे; त्यांचें आयुष्य मात्र आपण घाईघाईनें वाचतों. ताराबाई मूळच्या केळकर, जन्म १८९२ चा, मुंबईचा. १९१४ सालीं त्या पदवीधर झाल्या. पुढें अमरावतीच्या एका वकिलांशीं त्यांचा विवाह झाला आणि १९२१ सालीं घटस्फोट झाला. वय एकोणतीस, आणि पदरीं एक लहान मुलगी. आपल्या समाजांत तो शब्दही ज्या काळीं उच्चारीत नसत, तो हा काळ. त्या राजकोटास स्त्रियांच्या अध्यापन विद्यालयाच्या प्राचार्या झाल्या. परंतु १९२३ सालीं तें मानाचें पद सोडून भावनगरास गिजुभाई बधेका यांच्या बालशिक्षणाच्या कार्यांत शिरल्या. १९२६ सालीं नूतन बालशिक्षण संघ निघाला. १९३६ सालीं त्यांनीं दादरला शिशुविहार काढलें. आणि १९४५ सालीं, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षीं, म्हणजे आपण ज्या वयांत निवृत्तीचे हिशेब मांडूं लागतों त्या वयांत, त्या बोर्डीस येऊन खेड्यांतल्या मुलांसाठीं पहिल्यापासून आरंभ करत्या झाल्या.

त्यांच्याबरोबर आल्या त्या अनुताई. जन्म १९१०, मोरगांव. तेराव्या वर्षीं लग्न आणि सहा महिन्यांच्या आंत वैधव्य. पुढें शिक्षण व शिक्षिकेची नोकरी. १९४५ सालीं बोरिवलीस कस्तुरबा ट्रस्टचें ग्रामसेविकांचें शिबिर होतें, तेथें या दोघींची गांठ पडली. एक त्रेपन्न वर्षांची, दुसरी पस्तीस. एकीचा संसार परस्परांच्या न जमण्यानें मोडलेला, दुसरीचा सुरू होण्यापूर्वींच दैवानें मोडलेला.

वारल्यांचीं मुलें बालवाडींत येईनात, तेव्हां या बायांनीं बालवाडीच उचलून पाड्यावर, कोणाच्या तरी अंगणांत नेली, तीच अंगणवाडी. गुरें राखणाऱ्या मुलांना शाळेंत येतां येईना, म्हणून शाळाच कुरणावर गेली, ती कुरणशाळा. १९५७ सालीं हें कार्य कोसबादच्या टेकडीवर आलें. २ ऑक्टोबर १९७५ रोजीं केंद्र सरकारनें एकात्मिक बालविकास योजना सुरू केली आणि अंगणवाडी हें नांव देशांतल्या गांवोगांवीं पोंचलें. तें पाहावयास ताराबाई नव्हत्या. १९६२ सालीं त्यांना पद्मभूषण मिळालें व १९७३ सालीं त्या वारल्या. अठ्ठावीस वर्षांचा सहवास संपला. अनुताईंनीं पुढें एकोणीस वर्षें, १९९२ सालच्या आपल्या मृत्यूपर्यंत, तें काम थांबूं दिलें नाहीं. त्यांना पद्मश्री मिळाली.

टेकडीवर झाडांच्या सावलींत आम्ही बसलों. खालीं कापणी झालेलीं भातखाचरें, त्यांपलीकडे वाड्यांची काळसर हिरवी रेघ व त्याहीपलीकडे समुद्र. मुलगी म्हणाली, "नाना, घरीं मला कांहीं कमी नव्हतें. मंगळागौरीला मीं पहाटेपासून पुरण वाटलें, पानें वाढलीं. संध्याकाळीं हळदीकुंकवाला सगळ्यांना हांक गेली. मला नाहीं. कोणी मुद्दाम टाळलें असेंही नाहीं. मला हांक मारावी कीं मारूं नये हें कोणालाच ठाऊक नव्हतें, म्हणून कोणीच मारली नाहीं. मी स्वयंपाकघरांत भांडीं आवरीत बसलें. इथें मला कोणी सांभाळीत नाहीं. संध्याकाळीं पाड्यावरच्या वीस मुलांना घेऊन बसतें. एक दिवस गेलें नाहीं तर मुलें विचारायला येतात."

मीं उत्तर दिलें नाहीं. आमच्या घरांत वांकडा शब्द कोणी बोललें नव्हतें, हें खरें होतें. सरळ शब्दही कोणी बोललें नव्हतें, हें मला त्या टेकडीवर कळलें.

दुसरे दिवशीं मैत्रिणीच्या आईबरोबर आम्ही तलासरीकडे त्यांच्या पाड्यावर गेलों. वाटेंत झरी लागतें. २३ मे १९४५ रोजीं येथें हजारों वारली जमले व वेठ करणार नाहीं असें त्यांनीं ठरविलें. त्यांच्यांत उभ्या होत्या गोदावरी परुळेकर, पूर्वाश्रमीच्या गोखले. म्हणजे एकाच वर्षीं, याच मुलखांत, पांढरपेशा घरांतल्या स्त्रिया दोन अगदीं निराळ्या वाटांनीं येऊन पोंचल्या होत्या. त्या काळीं वारली तरुण लग्नासाठीं सावकाराचें कर्ज काढी आणि तें फिटेपर्यंत नवराबायको दोघेंही त्याच्या घरीं राबत. अशा माणसाला लग्नगडी म्हणत. किसान सभेच्या चळवळीनें हे लग्नगडी सोडविले. लग्न हीच ज्यांची बेडी झाली होती, त्यांचीही ही एक सुटकाच.

पाड्यावर भाताचे उडवे रचलेले होते. एका झोपडीच्या गेरूनें सारवलेल्या भिंतीवर तांदुळाच्या पिठानें काढलेला लग्नाचा चौक अजून पुसला नव्हता. वारल्यांचें लग्न लावते ती स्त्री; तिला धवलेरी म्हणतात. चौकाकडे पाहत मैत्रिणीची आई आपल्या थोरल्या बहिणीची हकीकत सांगूं लागली. पहिल्या घरीं जमलें नाहीं. पंच बसले, दिलेलें देज परत झालें, बहीण दुसऱ्या घरीं गेली व तेथें नातवंडें पाहून मेली. मीं विचारलें, "लोक नांवें ठेवीत नसत?" ती म्हणाली, "ठेवणारे ठेवतात. पण लग्नाला, जेवणाला बोलावतातच ना!"

आमच्या शास्त्रांत मला थोडीबहुत गति आहे, असा माझा समज आहे. कौटिल्यानें अर्थशास्त्रांत परस्परांचा द्वेष असेल तर विवाहांतून सुटका सांगितली आहे. परंतु ब्राह्मादि चार धर्मविवाहांना ती नाकारली आहे. त्या सुटकेसाठीं त्यानें योजिलेला शब्द "मोक्ष" हा आहे. आपण उच्चवर्णीयांनीं तो मोक्ष परलोकासाठीं राखून ठेवला. बडोदें संस्थानांत घटस्फोटाचा कायदा १९३१ सालीं झाला, मुंबई इलाख्यांत १९४७ सालीं. १९५५ सालीं हिंदु विवाह कायदा आला व १९७६ सालीं त्यांत परस्परसंमतीची तरतूद पडली. अनुसूचित जमातींना तो कायदा आपोआप लागत नाहीं. त्यांच्या रूढींत ही वाट पूर्वीपासूनच होती. वारल्यांचें सर्वच बरें आणि आपलें सर्वच वाईट असें मला म्हणावयाचें नाहीं. लग्नगड्याची हकीकत वर सांगितलीच आहे. म्हणावयाचें इतकेंच कीं न्यायालय विवाह मोडूं शकतें, परंतु मोडल्यावर त्या बाईला पंक्तींत कोठें बसवावयाचें हें कायदा सांगत नाहीं. तें घरानें सांगावयाचें असतें. पाड्यानें तें सांगितलें होतें. वाड्यानें सांगितलें नव्हतें.

आणि आणखी एक. घटस्फोट झालेल्या मुलीविषयीं आपल्या घरांत दोनच प्रश्न निघतात: तिचें दुसरें लग्न केव्हां, आणि तोंवर तिला सांभाळणार कोण? दुसरें लग्न कोणाला सुखाचें होतें, त्याला माझा विरोध नाहीं. पण ताराबाईंनीं व अनुताईंनीं तिसराच मार्ग दाखविला आहे. काम आणि मैत्री या दोन भिंतींवरही छप्पर उभें राहतें. मैत्रीला आपण संसाराच्या फावल्या वेळांतली गोष्ट समजतों. येथें ती संसाराच्या जागीं उभी राहून अठ्ठावीस वर्षें टिकली.

निघतांना मुलीनें मला स्टेशनावर पोंचविलें. चिकूंची एक करंडी हातीं देऊन म्हणाली, "वरचे दोन दिवसांनीं, खालचे चार दिवसांनीं. वहिनीकाकूंना सांगा, कच्चे कापूं नका." मीं तिला दोनदां परत पोंचविलें होतें, या खेपेस ती मला पोंचवीत होती. मी म्हणालों, "चुकलें माझें. पहिल्यांदा आलीस तेव्हांच ठेवून घ्यावयास हवें होतें." तिनें मला वांकून नमस्कार केला. गाडी आली.

घरीं आल्यावर वहिनींना सर्व हकीकत सांगितली. हळदीकुंकवाची गोष्ट सांगितली तेव्हां त्या बराच वेळ चिकू निवडीत राहिल्या. त्यांचें वय ऐंशीच्या पुढें. मग म्हणाल्या, "मलाही तेव्हां वाटलें होतें हो भावोजी, पण बोलणार कोण?" पौषांत संक्रांत आली. वहिनींनीं स्वतः फोन लावावयास सांगून तिला हळदीकुंकवास बोलावलें, आणि मैत्रिणीलाही घेऊन ये म्हणून बजावलें. दोघी आल्या, दोन दिवस राहिल्या आणि शाळा होती म्हणून परत बोर्डीस गेल्या. जातांना "केव्हां परत येणार?" असें घरांत कोणीं विचारलें नाहीं. "पोंचल्यावर कळव" असें मात्र चौदाही जणांनीं सांगितलें.